व्यसनाचा मेंदूवरील परिणाम मेंदूच्या प्रतिमांतून कसा अभ्यासावा: खानदेशातील संशोधकांसाठी मार्गदर्शन

धुळे, जळगाव आणि नंदुरबार येथील वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या, तसेच मानसशास्त्रात प्रबंधाचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘व्यसन आणि मेंदू’ हा विषय नेहमी खुणावतो. दारू, तंबाखू, गुटखा आणि झोपेच्या गोळ्यांचे रुग्ण ओपीडीत रोज समोर बसलेले असतात, त्यामुळे हे ओघानेच येते. मात्र बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कोणते मशीन वापरू?’ असा असतो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारावा, कारण अशा अभ्यासाची गुणवत्ता सहभागी व्यक्तीची किती काटेकोर माहिती घेतली, तिची तुलना कोणाशी केली आणि स्कॅन कोणत्या दिवशी काढला यांवर ठरते. चुंबकाची ताकद त्यानंतर येते. हे मार्गदर्शन त्याच क्रमाने लिहिले आहे.

प्रश्न आखून घेणे

‘व्यसनाने मेंदूवर काय परिणाम होतो’ एवढा मोठा प्रश्न कोणत्याही एका अभ्यासात मावत नाही. मेंदूची रचना पाहायची आहे, त्याचे काम पाहायचे आहे की त्यातील रसायने, हे आधी ठरवावे. कपाळामागील भागातील करड्या द्रव्याची जाडी, लहान मेंदूच्या मधल्या पट्ट्याचा ऱ्हास किंवा पांढऱ्या द्रव्यातील तंतूंची स्थिती हे रचनेचे प्रश्न आहेत. दारूची बाटली दिसली की तलफ येते तेव्हा मेंदूचे कोणते भाग अधिक काम करतात, हा कार्याचा प्रश्न आहे. डोपामिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे ग्राही (ते पकडणारे पेशींवरील रेणू) किती उपलब्ध आहेत, हा रसायनाचा प्रश्न आहे. प्रत्येकाला साधन वेगळे लागते आणि खर्चही वेगळा येतो.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे कार्यकारणभाव. व्यसनी आणि निर्व्यसनी अशा दोन गटांचे एकेकदा स्कॅन काढून फरक आढळला, तरी तो फरक व्यसनामुळे झाला की व्यसनाच्या आधीपासूनच होता, हे त्यातून कळत नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण मेंदूलहरींच्या अभ्यासातील आहे. दीर्घकाळ दारू पिणाऱ्यांमध्ये पी-३०० नावाच्या लहरीची उंची कमी असते, हे आधी दारूचे नुकसान मानले जात असे. १९८४ मध्ये हेन्री बेगलायटर आणि सहकाऱ्यांनी दारूचा थेंबही न घेतलेल्या लहान मुलांची तपासणी केली, तेव्हा व्यसनी वडिलांच्या मुलांमध्येही ही लहर बुटकी आढळली. म्हणजे ज्याला परिणाम समजले जात होते, त्यातील काही भाग निदान पूर्वीपासूनची जोखीम होती. आपल्या अभ्यासात हा पेच टाळायचा असेल, तर एकाच व्यक्तीला व्यसन सोडण्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा काही महिन्यांनी तपासावे. कमी माणसे आणि दोनदा स्कॅन ही रचना पुष्कळ माणसे आणि एकदा स्कॅन या रचनेपेक्षा छोट्या केंद्राला अधिक झेपते, आणि ती अधिक सांगूनही जाते. दारू बंद झाल्यावर मेंदूचे आकुंचन काही अंशी भरून येते आणि त्यातील बराचसा फरक पहिल्या काही आठवड्यांतच दिसतो, त्यामुळे पाहण्यासारखे काही हाती लागण्याची शक्यताही चांगली असते.

साधनाची निवड

या विषयातील गाजलेले काम पीईटीवर, म्हणजे शरीरात अल्प किरणोत्सर्गी द्रव्य सोडून काढलेल्या स्कॅनवर, झालेले आहे. नोरा व्होल्को यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कोकेन घेणाऱ्यांच्या मेंदूतील रक्तप्रवाहातील दोष दाखवले, आणि पुढे अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत डोपामिनच्या डी-२ ग्राहींची मोजणी करून कोकेन थांबवल्यानंतर काही महिन्यांनीही स्ट्रायटम या भागात ही उपलब्धता कमीच राहते, असे दाखवले. अशा मोजणीसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या कार्बन-११ या किरणोत्सर्गी समस्थानिकाचे अर्धायुष्य (निम्मे उरण्यास लागणारा काळ) केवळ २० मिनिटांचे आहे, म्हणून ते तयार करणारे सायक्लोट्रॉन हे यंत्र त्याच आवारात लागते. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे असते. मुंबईहून निघालेला डोस सात-साडेसात तासांनी खानदेशात पोहोचेपर्यंत चार अर्धायुष्ये संपून त्याचा सोळावा हिस्साच उरतो. शिवाय निरोगी तुलना गटाला किरणोत्सर्ग देण्याचे समर्थन नैतिकता समितीपुढे करावे लागते. ग्राहींचाच अभ्यास करायचा असेल, तर महानगरातील केंद्राशी सहकार्य करावे. इथे बसून तो विषय घेऊ नये.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो, म्हणून तोच बहुतेकांसाठी व्यवहार्य मार्ग आहे. १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे एकक) मशीनवर रचनेचा चांगला अभ्यास होतो. मेंदूचे काम टिपणाऱ्या कार्यात्मक एमआरआयसाठी ३ टेस्ला बरा, कारण रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणावर आधारित संकेत तिथे अधिक ठळक मिळतो. तरीही १९९२ मधील मानवी मेंदूवरील सुरुवातीच्या प्रयोगांपैकी काही १.५ टेस्लावरच झाले होते, हे लक्षात ठेवावे. आणि डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूलहरी टिपणारे ईईजी हे साधन आपण उगाच दुय्यम मानतो. ते स्वस्त आहे, तालुक्याच्या ठिकाणी नेता येते आणि मिलिसेकंदांत मोजते. कार्यात्मक एमआरआयमध्ये रक्तप्रवाहाचा प्रतिसाद शिखराला पोहोचण्यास पाच-सहा सेकंद लागतात, त्यामुळे वेळेच्या बारकाव्यांत ते ईईजीच्या जवळपासही येत नाही.

स्वतःचा एकही स्कॅन काढण्यापूर्वी खुल्या डेटावर सराव करावा, असा माझा आग्रह आहे. ओपनन्यूरो या संकेतस्थळावर कोकेनच्या व्यसनाच्या रुग्णांचा मेक्सिकोतील संच विनामूल्य उपलब्ध आहे. भारतातही बंगळुरूच्या निम्हान्ससह सात केंद्रांनी मिळून सी-वेदा हा मुलांचा आणि तरुणांचा मोठा अभ्यास उभारला असून, भारतीय परिस्थितीतील प्रश्नावल्या आणि कार्यपद्धती कशा असाव्यात यासाठी त्याचे प्रसिद्ध लेख वाचावेत. केवळ खुल्या डेटावर आधारलेला प्रबंधही पूर्णपणे प्रतिष्ठेचा असतो. त्यासाठी एक बऱ्यापैकी संगणक आणि चिकाटी पुरते.

सहभागी कोण, आणि तुलना कोणाशी

पिणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक दारू घेतात, तर दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेल्यांची संख्या सुमारे ५.७ कोटी आहे. म्हणून निदान ठरलेल्या निकषांवरच करावे. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेत ११ निकष आहेत; गेल्या १२ महिन्यांत २ किंवा ३ जुळले तर सौम्य, ४ किंवा ५ जुळले तर मध्यम आणि ६ किंवा अधिक जुळले तर तीव्र विकार समजला जातो. सोबत दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ऑडिट ही दहा प्रश्नांची प्रश्नावली आणि तंबाखूसाठी फागरस्ट्रॉम चाचणी भरून घ्यावी. या प्रश्नावल्यांचे अहिराणीत, आणि सातपुड्यातील गावांसाठी भिली किंवा पावरीत भाषांतर करून, ते दुसऱ्या माणसाकडून उलट मराठीत करून पडताळावे. ‘तुमले तलफ येस का?’ असे विचारल्यावर जे उत्तर मिळते, ते प्रमाण मराठीतील छापील प्रश्नाला मिळत नाही.

प्रमाण मोजणे हा खरा कसोटीचा भाग आहे. कारखान्यातील दारूच्या बाटलीवर टक्केवारी छापलेली असते, त्यामुळे हिशेब सोपा असतो: मिलिलिटर, टक्केवारी आणि ०.७८९ यांचा गुणाकार केला की ग्रॅम मिळतात. ४० टक्क्यांची १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे सुमारे ५७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, अर्थात १० ग्रॅमच्या मापाने जवळपास सहा पेये. पण धडगाव किंवा अक्कलकुव्याकडील माणूस मोहाची पितो, आणि त्यातही पहिल्या धारेची तीव्रता नंतरच्या धारेपेक्षा पुष्कळ अधिक असते. अशा वेळी ‘रोज दोन ग्लास’ या उत्तराला काहीच अर्थ नसतो. मुलाखतीच्या वेळी स्टीलचा पेला, काचेचा ग्लास आणि रिकाम्या बाटल्या समोर ठेवून, पाणी ओतायला लावून माप घ्यावे. धार कोणती, सोबत कोण होते आणि उरलेली दुसऱ्या दिवशी घेतली का, हेही विचारावे. तीव्रता हायड्रोमीटरने तपासायची असेल तर तापमानाची दुरुस्ती विसरू नये, कारण मे महिन्यात खोलीचे तापमान उपकरणाच्या ठरलेल्या तापमानाच्या बरेच वर असते. नमुना बाळगण्यास महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू होतो, त्यामुळे आवश्यक परवानगी आधी घ्यावी. ती नसेल तर तीव्रतेची किमान आणि कमाल मर्यादा धरून दोन्ही टोकांचा हिशेब द्यावा.

तुलना गट निवडताना वय, लिंग, शिक्षण आणि उत्पन्न जुळवतात, आणि तंबाखू राहून जाते. इकडे दारू पिणाऱ्यांपैकी बिडी, तंबाखू-चुना किंवा गुटखा अजिबात न खाणारा माणूस शोधून काढावा लागतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी ओपीडीतील रुग्णांच्या खिशात पुडी सापडते, हे वास्तव आहे. निकोटीन स्वतःच मेंदूच्या रक्तप्रवाहावर परिणाम करते. म्हणून तुलना गटात दारू न पिणारे पण तंबाखू खाणारे लोक तेवढ्याच प्रमाणात घ्यावेत. महाविद्यालयातील निर्व्यसनी विद्यार्थी ‘निरोगी’ म्हणून घेणे सर्वांत सोपे आणि सर्वांत निरुपयोगी असते.

नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात एक बाब सक्तीने तपासावी, ती म्हणजे सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार. कार्यात्मक एमआरआयचा संकेत हिमोग्लोबिनमधील प्राणवायूवरच उभा असल्यामुळे रक्तक्षयाने तो बदलतो. रक्तक्षयात मेंदूचा रक्तप्रवाह वाढलेला असतो, आणि सिकलसेलच्या रुग्णांत कोणतेही लक्षण न देणारे छोटे इन्फार्क्ट (रक्त न पोहोचल्याने मेलेले भाग) असू शकतात. हे सारे दारूच्या नावावर जमा होते. प्रत्येक सहभागीचे हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे प्रमाण) स्कॅनच्याच दिवशी घ्यावे, सिकलसेल तपासणीचा निकाल नोंदवावा आणि विश्लेषणात हिमॅटोक्रिट सहचल (ज्याचा परिणाम वेगळा काढायचा असा घटक) म्हणून धरावे. परदेशी लेखांतील पद्धती जशाच्या तशा उचलल्या, तर हा मुद्दा हमखास निसटतो, कारण तिथल्या नमुन्यांत तो प्रश्नच सहसा उद्भवत नाही.

डोक्याला मार लागल्याचा इतिहासही खोदून विचारावा. दारूच्या नशेत मोटारसायकलवरून पडलेला माणूस ते सांगत नाही, त्याची बायको सांगते. फिट येणे, यकृताचा आजार, क्षयरोगाची औषधे आणि व्हिटॅमिन बी-१ ची कमतरता यांचीही नोंद हवी. बी-१ च्या कमतरतेतून होणाऱ्या वेर्निके विकारात थॅलॅमसच्या आतल्या बाजूला आणि मॅमिलरी पिंडांत बदल दिसतात. तो तातडीचा उपचार मागणारा आजार आहे, संशोधनाचा निष्कर्ष नव्हे. बनावट दारूतून मिथेनॉल पोटात गेलेल्यांमध्ये प्युटामेन या भागाचे दोन्ही बाजूंना नुकसान होते, त्यामुळे अशा व्यक्तींचा गट वेगळा ठेवावा. पंक्चरचे सोल्युशन हुंगणारी मुलेही स्वतंत्र विषय आहेत. त्यातील टोल्युइन प्रामुख्याने पांढऱ्या द्रव्याचे नुकसान करते, आणि अल्पवयीन असल्याने त्यांच्या संमतीचे नियमही निराळे असतात.

दिवस कोणता धरावा

दारू थांबवल्यानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान भ्रम व कंप यांची तीव्र अवस्था येण्याचा धोका असतो. या काळात संशोधनासाठी स्कॅन काढू नये. पहिला स्कॅन शेवटच्या पेयानंतर १४ दिवसांनी आणि दुसरा तीन महिन्यांनी, असे एक ठरलेले अंतर सर्वांसाठी पाळावे. एकाचा पाचव्या दिवशी आणि दुसऱ्याचा चाळिसाव्या दिवशी काढला, तर दिसणारा फरक व्यसनाचा नसून वेळेचा असतो. डिटॉक्समध्ये दिलेल्या डायझेपाम किंवा लोराझेपामचा शेवटचा डोस कधी होता, तोही लिहून ठेवावा.

तीन महिन्यांचे अंतर कागदावर सोपे वाटते. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला परततात. ऑक्टोबरमध्ये नाव नोंदवलेला माणूस जानेवारीत सापडणार नाही, हे गृहीत धरून नोंदणी एप्रिलनंतर सुरू करावी. होळीच्या आधीचे भोंगऱ्या बाजार आणि आखाजी (अक्षय तृतीया) या दिवसांत पुन्हा पिण्याची शक्यता वाढते, म्हणून दुसऱ्या स्कॅनची तारीख त्यांच्या लगेच नंतर ठेवू नये; किंवा ठेवायचीच असेल, तर तो अभ्यासाचाच भाग समजून नोंद करावी. भर उन्हाळ्यात माणूस सकाळपासून एसटीने येऊन दुपारी मशीनवर झोपला, तर शरीरातील पाण्याच्या कमतरतेनेही मेंदूच्या आकारमानाच्या मोजमापात किंचित फरक पडतो. सगळे स्कॅन सकाळच्या एकाच वेळेला, पाणी प्यायला देऊन घ्यावेत.

स्कॅन केंद्रावर

केंद्राच्या तंत्रज्ञाशी आधी बसून बोलावे आणि दोन गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, रचना दाखवणारी टी-१ प्रतिमा त्रिमितीय आणि प्रत्येक बाजूने १ मिलिमीटरच्या व्हॉक्सेलची (प्रतिमेच्या त्रिमितीय ठिपक्यांची) असावी. नेहमीच्या रुग्णांसाठी साधारण ५ मिलिमीटर जाडीचे काप मधे अंतर सोडून घेतले जातात. डॉक्टरांना निदानासाठी ते पुरतात, पण त्यांवरून आकारमान मोजता येत नाही. दुसरी, डेटा डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या मूळ डिजिटल स्वरूपात द्यावा. फिल्म आणि मोबाइलवर पाठवलेले फोटो संशोधनाला कुचकामी असतात, आणि काही केंद्रे जागेअभावी जुना डेटा पुसतात, म्हणून त्याच दिवशी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावा. रुग्ण सकाळी एका मशीनवर आणि तुलना गट संध्याकाळी दुसऱ्या मशीनवर, असे कधीही करू नये. दोन्ही गटांतील माणसे आलटूनपालटून एकाच मशीनवर घ्यावीत. अभ्यास चालू असताना मशीनचे सॉफ्टवेअर बदलले, तर ती तारीख नोंदवावी.

सुरक्षिततेबाबत ढिलाई नको. एमआरआयचा चुंबक चोवीस तास चालू असतो; जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एका रुग्णालयात प्राणवायूचा सिलिंडर आत नेल्यामुळे एका नातेवाइकाचा मृत्यू झाला होता. वर्कशॉपमध्ये ग्राइंडर किंवा लेथवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात धातूचा कण गेला होता का, हे विचारावे आणि शंका असल्यास आधी एक्स-रे काढावा. बायकांच्या हातातील काढता न येणारी कडी, वाळे आणि जोडवी यांचा प्रश्न घरून निघण्यापूर्वीच सोडवावा. कॉपर-टी आणि गोंदण यांबद्दल तंत्रज्ञाला सांगून ठेवावे. गोंदणाने क्वचित त्वचेला चटका जाणवू शकतो.

चहाचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण नाही. कॅफिनने मेंदूचा रक्तप्रवाह लक्षणीय घटतो, आणि खानदेशात आलेल्या माणसाला चहा न विचारणे म्हणजे अपमान. त्यामुळे स्कॅनपूर्वी किती तास चहा आणि तंबाखू बंद, हे फोनवर आधीच सांगावे. मात्र तंबाखू फार वेळ बंद ठेवली तर तिचीच तलफ मोजली जाते. रात्रभर उपाशी ठेवण्यापेक्षा, शेवटची चिमूट नेमकी किती वाजता हे सर्वांसाठी एकसारखे ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

मशीनचा ठोकठोक आवाज आणि अरुंद बोगदा यांनी दारू नुकतीच सोडलेला माणूस घाबरतो, हलतो. हालचालीमुळे खोटे फरक तयार होतात, आणि ज्या गटाचे हात थरथरतात तोच अधिक हलणार हे उघड आहे. आदल्या दिवशी आवाज ऐकवावा, टेबलाखाली किंवा मोठ्या खोक्यात झोपवून सराव घ्यावा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम लावावा. नंतर दोन्ही गटांची सरासरी हालचाल तपासून, ती सारखी नसल्यास लेखात तसे लिहावे.

तलफ जागवणारी चित्रे

१९९० च्या दशकात कोकेनच्या रुग्णांना व्यसनाशी निगडित दृश्ये दाखवून मेंदूचे स्कॅन घेण्यास सुरुवात झाली, आणि आज ही पद्धत सर्वत्र वापरली जाते. परदेशी चित्रसंचांत वाइनचे उंच ग्लास आणि बारचे टेबल असते. शहाद्याच्या शेतमजुराला त्याने काहीच होत नाही. आपले संच आपणच तयार करावेत: देशीची नव्वदची बाटली, तिचे फोडलेले झाकण, स्टीलचा पेला, बाजूला शेंगदाणे किंवा भजी, आणि गुटख्यासाठी दाताने फाडलेली पुडी. प्रत्येक चित्राला जोडीचे तटस्थ चित्र हवे, ज्यात प्रकाश, रंग आणि वस्तूंची संख्या तीच असेल. पेल्यात दारूऐवजी ताक आणि बाटलीऐवजी सरबताची बाटली चालते. चित्रे २० ते ३० सेकंदांच्या गटांत दाखवावीत आणि प्रत्येक गटानंतर तलफ किती, हे बोटांच्या खुणेने किंवा बटणाने विचारावे. तलफ जागी करून माणसाला तसेच घरी सोडू नये. समुपदेशकाशी बोलून, मन शांत झाल्यावरच जाऊ द्यावे, आणि ही व्यवस्था नैतिकता समितीच्या अर्जात लिहावी.

पैशांच्या चाचण्या वापरताना अधिक सावध राहावे. ‘आज १०० रुपये की महिन्याने ३०० रुपये’ यावरून उतावळेपणा मोजतात. रोजंदारीवर पोट असणाऱ्याने आजचे १०० घेतले, तर तो उतावळा ठरत नाही; त्याच्या घरी संध्याकाळी पीठ लागते. उत्पन्न जुळवलेला तुलना गट नसेल, तर ही चाचणी वगळलेली बरी.

ईईजी करायचा असेल तर

पी-३०० साठी ऐकण्याची साधी चाचणी पुरते: एक आवाज वारंवार, सुमारे ८० टक्के वेळा, आणि वेगळा आवाज २० टक्के वेळा, वेगळ्या आवाजाला बटण दाबायचे. साक्षरतेची गरज नाही, हा तिचा मोठा फायदा. डोक्याच्या वरच्या-मागच्या मध्यावरील इलेक्ट्रोडवर, वेगळ्या आवाजानंतर साधारण ३०० मिलिसेकंदांपासून ही लहर पाहावी.

आपल्याकडे अडचण येते ती केसांच्या तेलाची. सकाळी चापून तेल लावलेल्या डोक्यावर इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विद्युत अवरोध ५ किलोओमच्या खाली येतच नाही. केंद्रावर शाम्पू, टॉवेल आणि गरम पाणी ठेवावे, केस पूर्ण वाळू द्यावेत आणि मग कवटीची त्वचा हलकेच घासून जेल भरावी. उन्हाळ्यात जेल लवकर वाळते आणि घामाने मंद लहरी येतात, म्हणून थंड खोली हवी. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण कमी करण्यासाठी ट्यूबलाइट, पंखा आणि इन्व्हर्टर दूर ठेवावेत. लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांबाबत, विशेषतः मालेगाव-धुळे पट्ट्यात ‘कुत्ता गोळी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अल्प्राझोलमबाबत, जागरूक राहावे. या वर्गातील औषधांनी मेंदूतील जलद अशा बीटा लहरी वाढतात. लघवीची चाचणी न करता त्यांना दारूचा परिणाम म्हणणे चूक ठरेल.

विश्लेषण

डायकॉम फाइलींचे निफ्टी या विश्लेषणाच्या फाइल-स्वरूपात रूपांतर करून त्या बिड्स या ठरलेल्या रचनेत लावाव्यात, म्हणजे मोफत साधने त्यांवर सरळ चालतात. आकारमानासाठी फ्रीसर्फर वापरता येते. एका मेंदूला काही तास लागतात, त्यामुळे वीज जाण्याची सोय करून ठेवावी. कार्यात्मक डेटाच्या पूर्वप्रक्रियेसाठी एफएमआरआयप्रेप चांगले आहे. डावी-उजवी बाजू उलटली नाही ना, हे पहिल्याच स्कॅनला उजव्या कपाळावर व्हिटॅमिन ई ची कॅप्सूल चिकटवून तपासावे. ती प्रतिमेत ठळक दिसते.

आकडेवारीत घाई केली तर फसगत ठरलेली. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या सॅमन माशाला मशीनमध्ये ठेवून माणसांची चित्रे दाखवली, आणि अनेक तुलनांची दुरुस्ती (एकाच वेळी हजारो ठिकाणे तपासताना योगायोगाने दिसणारे फरक गाळणे) न केल्यास त्याच्याही मेंदूत ‘क्रिया’ दिसते, हे सिद्ध केले. २०१६ मध्ये अँडर्स एक्लुंड आणि सहकाऱ्यांनी प्रचलित सॉफ्टवेअरमधील काही पद्धतींत खोट्या निष्कर्षांचे प्रमाण अपेक्षित ५ टक्क्यांऐवजी ७० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, हे दाखवले. २०२२ मधील स्कॉट मारेक यांच्या लेखानुसार, संपूर्ण मेंदूत वर्तनाशी जुळणारे दुवे खात्रीने शोधायला हजारो माणसे लागतात. आपल्याकडे तेवढी नसतात. म्हणून दोन किंवा तीन भाग आधीच निवडावेत, निवडीचे कारण लिहावे आणि विश्लेषणाचा आराखडा डेटा पाहण्यापूर्वी नोंदवून टाकावा. इन्सुला हा असा एक भाग आहे, कारण २००७ मध्ये नासिर नक्वी आणि सहकाऱ्यांनी इन्सुलाला इजा झालेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी अनेकांची सिगारेट अगदी सहज सुटल्याचे दाखवले होते. निष्कर्ष लिहिताना ‘इन्सुला उजळली, म्हणजे तलफ आली’ असे उलट अनुमान करू नये. वेदना, भूक आणि किळस यांतही तो भाग काम करतो. तलफ मोजली असेल, तरच तिच्याशी संबंध जोडावा.

परवानगी, गोपनीयता आणि निकाल

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आधी वाचून मगच नैतिकता समितीकडे अर्ज करावा. तीव्र नशेत किंवा भ्रमात असलेल्या माणसाची सही ही संमती नसते. चार-पाच दिवसांनी पुन्हा समजावून, त्याच्याच बोलीत, साक्षीदारासमोर संमती घ्यावी. बुडालेली मजुरी आणि एसटीचे भाडे द्यावे, पण रक्कम इतकी मोठी नसावी की केवळ तिच्यासाठी कोणी यावे. गांजा किंवा इतर अमली पदार्थांबाबत विचारताना १९८५ च्या एनडीपीएस कायद्याची भीती समोरच्याच्या मनात असते, आणि ती रास्त आहे. नाव आणि संकेतांक यांची जोडणारी यादी वेगळ्या कुलूपबंद जागी ठेवावी. टी-१ प्रतिमेवरून चेहरा पुन्हा उभा करता येतो, म्हणून डेटा कोणालाही देण्यापूर्वी चेहऱ्याचा भाग सॉफ्टवेअरने काढून टाकावा. लहान पाड्याचे नाव, वय आणि व्यवसाय एकत्र छापले तर माणूस ओळखू येतो. लेखात फक्त जिल्हा लिहावा.

प्रत्येक स्कॅन क्षकिरणतज्ज्ञाने पाहिलाच पाहिजे. मेंदूतील जंताची गाठ किंवा जुना रक्तस्राव असे अनपेक्षित काही आढळल्यास कोण, कधी आणि कसे सांगणार, हे आधी ठरवावे आणि संमतीपत्रात लिहावे.

निकालाच्या दिवशी भाऊ किंवा बायको विचारते, ‘फोटोत दारू दिसते का, साहेब? सुटेल का याची?’ त्यावर सरळ सांगावे की हा अभ्यास गटांतील सरासरी फरकाचा आहे. एका माणसाच्या स्कॅनवरून त्याची दारू सुटेल की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. लाल-पिवळे ठिपके दाखवून घाबरवू नये. ते रंग संगणकाने आकडेवारीला दिलेले असतात. त्यांच्या हाती क्षकिरणतज्ज्ञाचा साध्या मराठीतील अहवाल द्यावा, आणि त्याच कागदाच्या खाली व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६, ओपीडीचा वार आणि दुसऱ्या स्कॅनची तारीख ठळक अक्षरांत लिहावी. ऊसतोडीला जाणाऱ्यांकडून मुकादमाचा नंबर मागू नये, कारण मग व्यसनाची बातमी टोळीभर होते. गावातच राहणाऱ्या नातेवाइकाचा नंबर संमतीने घ्यावा.